डचमधले 'मी', 'तू' आणि 'तुम्ही' : इंग्रजीची वाट आणि मराठीची वाट





गेल्या पालकसभेत एका पालकांनी विचारले, "सर, मुलगा उद्या बारावीनंतर बाहेर जाणार. तिथे जर्मन लागेल, फ्रेंच लागेल, डच लागेल. मग घरी मराठी जपून त्याला उपयोग काय?" प्रश्न मनापासून होता. आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत तो आज कधी ना कधी निघतोच. त्या दिवशी वेळ कमी होता, म्हणून उत्तर या अंकातून देत आहे. तेही उपदेशाने नव्हे, तर व्याकरणाच्या एका छोट्याशा धड्याने.

निमित्त झाले एका दूरध्वनीचे. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर नेदरलँड्समध्ये राहायला गेली आहे. संध्याकाळच्या डच वर्गाला जाते. वर्गात शिकवणे इंग्रजीतून, कारण निरनिराळ्या देशांतून आलेल्या सगळ्यांना समजणारी भाषा तीच. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक डच आजी राहतात. एके दिवशी त्यांची पिशवी जिन्यात राहिली. हिने ती उचलून दार वाजवले आणि शिकलेले वाक्य म्हटले, "इस दित य तास?" म्हणजे, 'ही तुझी पिशवी का?' आजींनी हसून पिशवी घेतली, आभार मानले. पण उलट बोलताना हिला मात्र 'तुम्ही' म्हटले. घरी आल्यावर हिच्या डोक्यात प्रकाश पडला. मला म्हणाली, "सर, माझ्या तोंडून आजींना 'तुझी' गेलं हो! वहीत इंग्रजी 'युवर'समोर 'य' लिहिलं होतं. मी तेच म्हटलं. मराठीत विचार केला असता तर अशी चूक झालीच नसती."

मुलांनो, तिचे हे शेवटचे वाक्य किती खरे आहे ते आता पाहू.

आधी उच्चार

डच शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. 'एइ' म्हणजे 'ए' आणि 'इ' एका दमात. 'झ' हा 'झेब्रा'तला. 'ऊ' म्हणताना ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायची. थोडा सराव लागतो. 'ख' मात्र घशातून, खाकरल्यासारखा. प, त, क म्हणताना तोंडातून हवेचा झोत सोडायचा नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला हे मुद्दाम शिकावे लागते. आपण ही अक्षरे पहिलीपासून तशीच म्हणतो.

सर्वनामांचा तक्ता

प्रत्येक ओळीत आधी कर्ता, मग कर्म, मग मालकी असा क्रम आहे.

मी, मला, माझा : इक, मेइ (म), मेइन
तू, तुला, तुझा : येइ (य), यौ (य), यौ (य)
तुम्ही, तुम्हाला, तुमचा (आदराने) : ऊ, ऊ, ऊव
तो, त्याला, त्याचा : हेइ, हेम, झेइन
ती, तिला, तिचा : झेइ (झ), हार, हार
ते, त्याला, त्याचे (नपुंसकलिंगी) : हेत, हेत, झेइन
आम्ही किंवा आपण, आम्हाला, आमचा : वेइ (व), ओन्स, ओन्स किंवा ओन्झ
तुम्ही, तुम्हाला, तुमचा (अनेकांना) : युली, युली, युली
ते-त्या-ती, त्यांना, त्यांचा (अनेक) : झेइ (झ), हेन किंवा हुन (झ), हुन

कंसातली रूपे ही हलकी रूपे. जोर द्यायचा नसेल तेव्हा ती वापरतात, आणि रोजच्या बोलण्यात बहुधा तीच ऐकू येतात. गंमत पाहा : य, व, झ, म. ही तर आपली मुळाक्षरेच! अक्षरातला आपला सहज 'अ' डचमध्ये जसाच्या तसा आहे. जोर द्यायचा असला, 'तूच केलेस', 'आम्हीच गेलो' असे म्हणायचे असले, की 'येइ', 'वेइ' अशी भरदार रूपे येतात. आपण जे काम 'च' लावून करतो, ते डच माणूस स्वर बदलून करतो.

लिहिताना एक खबरदारी. 'तुला' आणि 'तुझा' या दोन्हींचा उच्चार 'यौ' असला, तरी मालकीच्या रूपाला शेवटी एक 'डब्ल्यू' जास्त असतो. 'ऊ' आणि 'ऊव' यांतही तेच. ही चूक खुद्द डच मुलेही करतात, तेव्हा आपली झाली तर लाजू नये.

एक 'यू' आणि तीन उत्तरे

इंग्रजीत समोर कुत्रे असो, मित्र असो, मुख्याध्यापक असोत की अख्खा वर्ग असो, सगळ्यांना 'यू'. डचमध्ये याचे तीन भाग पडतात. बरोबरीच्या किंवा लहान अशा एकाला 'येइ'. मान द्यायचा तर 'ऊ'. ओळखीच्या अनेकांना मिळून 'युली'. इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचार करावा लागतो, 'यातला कुठला यू?' आपल्याला हा विचार करायला कुणी शिकवावे लागत नाही. आपण मराठीत तू आणि तुम्ही, गुजरातीत तुं, तमे आणि आप हे भेद शाळेत पाऊल टाकण्याआधीच शिकलेलो असतो.

'ऊ'ची एक खूण लक्षात ठेवा. मराठीत 'तुम्ही' म्हटले की क्रियापद अनेकवचनी होते. डचमध्ये 'ऊ'सोबत क्रियापद नेहमी एकवचनीच, समोर दहा माणसे असली तरी. शिवाय 'तुमच्याकडे आहे' म्हणताना 'ऊ हेप्त' आणि 'ऊ हेफ्त' दोन्ही चालते. यातले 'हेफ्त' हे खरे तर 'तो' आणि 'ती' यांचे रूप. समोरच्याला थेट न संबोधता तिसऱ्याबद्दल बोलावे तसे बोलणे, हा आदर. 'साहेबांनी चहा घ्यावा', 'महाराजांनी बसावे' असे आपण म्हणतो, त्याच जातीचे हे रूप आहे.

'युली' हा शब्दही मजेदार. तो 'तू' आणि 'लोक' या अर्थांच्या दोन शब्दांच्या जोडणीतून आला. आपणही वर्गावर रागावलो की म्हणतोच ना, "तुम्ही लोक ऐकणार आहात की नाही?"

मग कुणाला काय म्हणावे? अनोळखी वृद्ध, डॉक्टर, कचेरीतले अधिकारी यांना 'ऊ'ने सुरुवात करावी. मित्र, वर्गसोबती, लहान मुले यांना 'य'. आईवडिलांना पूर्वी पुष्कळ घरांत 'ऊ' म्हणत. आज बहुतेक घरांत 'य' ऐकू येते. आपल्याकडेही आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' अशी घरे होती, आणि आता बाबांनाही 'तू' म्हणणारी मुले आहेतच. म्हणजे 'तू' म्हटले की अपमान झाला असे दोन्ही भाषांत नाही. नाते कोणते आणि वेळ कोणती, हे पाहावे लागते. एक फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे : आपण देवाला 'तू' म्हणतो, डच प्रार्थनेत देवाला रूढीने 'ऊ' म्हणतात.

आपण 'अरे-तुरे करणे' आणि 'अहो-जाहो करणे' म्हणतो. डचमध्येही त्यासाठी क्रियापदे आहेत. 'तुतुआयेरन' म्हणजे अरे-तुरे करणे, 'वूव्हुआयेरन' म्हणजे अहो-जाहो करणे. दोन्ही शब्द फ्रेंचमधून घेतलेले. इंग्रजीत अशा क्रियापदांची गरजच उरलेली नाही, कारण 'यू'मध्ये सगळेच बुडाले. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही 'दाऊ' हा 'तू' होता. पुढे तो रोजच्या बोलण्यातून गेला. डचचा जुना 'तू'ही असाच नाहीसा झाला. पण डच लोकांनी ती रिकामी जागा नव्या शब्दांनी भरून काढली, इंग्रजांनी ती तशीच ठेवली. बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात आजही 'गेइ' असे आणखी एक रूप बोलण्यात ऐकू येते. सन 1637 च्या डच बायबलमध्येही तेच आहे.

वस्तूलाही 'तो'

इंग्रजी बोलणारा माणूस डचमध्ये हमखास अडतो ती ही दुसरी जागा. इंग्रजीत निर्जीव म्हटले की 'इट'. म्हणून 'पेन कुठे आहे? ते टेबलावर आहे' याचे डच करताना तो 'हेत' वापरतो. डच माणूस म्हणतो 'हेइ', म्हणजे 'तो टेबलावर आहे'. 'माझ्याकडे आहे' म्हणतानाही पेनाला 'हेम', अगदी माणसाला म्हणावे तसे. कारण डचमध्ये नामांचे दोन गट आहेत. एका गटामागे 'द' लागते, दुसऱ्यामागे 'हेत'. 'द' गटातल्या वस्तूला सर्वनाम 'हेइ', 'हेत' गटातल्या वस्तूला 'हेत'.

आपल्याला यात नवल कसले? दार ते, खिडकी ती, उंबरठा तो. निर्जीवाला लिंग असते हे आपण गृहीतच धरतो. पूर्वी डचमध्येही पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असे तिन्ही होते. पहिली दोन मिळून 'द' गट झाला, तिसरे 'हेत' म्हणून राहिले. काही शब्द तर आपल्याशी जुळतात : पुस्तक ते, तसे 'हेत बूक'. मूल ते, तसे 'हेत किंत'. पाणी ते, तसे 'हेत वातर'. पण यावर भिस्त ठेवू नका बरं का! देश तो, पण डचमध्ये 'हेत लांत'. टेबल ते, पण 'द ताफल'. म्हणून प्रत्येक नाम पाठ करताना त्याचे 'द' किंवा 'हेत' सोबतच पाठ करावे.

'मुलगी' या अर्थाचा 'मेइश्य' हा शब्दही 'हेत' गटातला. तरी तिच्याबद्दल पुढे बोलताना 'झ' आणि 'हार' म्हणतात. आपण 'ते पोर शहाणे आहे' म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात 'तिने' म्हणतो, तसेच.

आमचा, आमची, आमचे

मराठीत मालकीचे सर्वनाम मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलते. भाऊ माझा, बहीण माझी, घर माझे. डचमध्ये 'मेइन' सगळीकडे 'मेइन'च राहते. इथे आपले काम हलके होते. बदलते ते फक्त 'आमचा'. 'हेत' गटातले एकवचनी नाम असेल तर 'ओन्स', बाकी सर्वत्र 'ओन्झ'. आमचे पुस्तक : 'ओन्स बूक'. आमची शाळा : 'ओन्झ स्खोल'. आणि पुस्तके अनेक असली तर 'ओन्झ बूकन', कारण अनेकवचनात सगळी नामे 'द' गटात येतात. इंग्रजीत 'अवर' एकच असल्यामुळे इंग्रजीतून शिकणारा इथे वर्षानुवर्षे चुकतो. आपण फक्त एवढे लक्षात ठेवायचे की 'आमचे'सारखे एक रूप वेगळे आहे.

त्याचा आणि तिचा हा भेद मालकावरून होतो : 'झेइन' आणि 'हार'. इंग्रजीसारखाच, आणि मराठीसारखाही.

बोलीभाषेत आणखी एक रचना ऐकू येते : 'मेइन ब्रूर झन फीत्स'. शब्दाला शब्द लावला तर 'माझा भाऊ त्याची सायकल', अर्थ 'माझ्या भावाची सायकल'. बोलायला ठीक, परीक्षेत लिहू नये. नुसते 'ते माझे आहे' म्हणायचे असेल तर 'हेत इस फान मेइ' हे सर्वांत सोपे. तसेच तुमच्या सगळ्यांचे असेल तर 'फान युली'.

'झेइ' एक, अर्थ दोन

'झेइ' म्हणजे 'ती' आणि 'झेइ' म्हणजे 'ते सगळे'. हे पाहून इंग्रजी बोलणारा कपाळाला हात लावतो. ओळखायचे कसे? क्रियापदावरून. 'झेइ वेर्क्त' : ती काम करते. 'झेइ वेर्कन' : ते काम करतात. आता मराठी पाहा. 'ती खेळते' आणि 'ती खेळतात'. पहिली ती एक मुलगी, दुसरी ती म्हणजे मुले. सर्वनाम एकच, आणि निवाडा क्रियापद करते. ही गोष्ट आपण रोज करतो, आणि करतो हे आपल्याला ठाऊकही नसते.

क्रियापदाचाच आणखी एक नियम इथे सांगून टाकतो. 'तू काम करतोस' हे 'येइ वेर्क्त'. प्रश्न विचारताना क्रियापद आधी येते आणि त्याचा शेवटचा 'त' गळतो : 'वेर्क येइ?' मात्र 'ऊ'पुढे तो गळत नाही : 'वेर्क्त ऊ?' मान द्यायचा तर 'त' शाबूत ठेवा, एवढे पुरे.

'हेन' आणि 'हुन' यांचे भांडण

'त्यांना' यासाठी डचमध्ये दोन शब्द आहेत. 'मी त्यांना पाहिले' इथे 'हेन', आणि 'मी त्यांना पुस्तक दिले' इथे 'हुन'. शब्दयोगी अव्यय आले की नेहमी 'हेन'. हा भेद लोकांच्या तोंडून आलेला नाही. क्रिस्तियान फान हउले या व्याकरणकाराने 1625 मध्ये आपल्या व्याकरणात तो मांडला आणि पुढे तो पुस्तकी भाषेत रुजला. बोलताना डच माणसे आजही गोंधळतात. बरेच जण 'ते' या कर्त्याच्या जागीही 'हुन' म्हणतात, आणि शिक्षक ते लाल शाईने खोडतात! मराठीत दोन्हीकडे 'त्यांना'च, म्हणून इथे मराठीची मदत नाही. सोपा उपाय असा की माणसांबद्दल बोलताना जोर नसेल तर दोन्ही जागी 'झ' म्हणावे. ते चूक ठरत नाही.

मराठीचे ज्यादा माप

काही ठिकाणी डचपेक्षा मराठी बारीक विणलेली आहे, आणि तिथे आपल्याला सावध राहावे लागते. 'आम्ही सहलीला जाणार' आणि 'आपण सहलीला जाणार' यांत केवढा फरक! पहिल्यात ऐकणारा घरी राहतो, दुसऱ्यात तो डबा भरायला लागतो. गुजरातीत अमे आणि आपणे यांत हाच भेद आहे. डचमध्ये दोन्हीला 'वेइ'. तेव्हा कुणी डच मित्र 'व' सहलीला जातोय म्हणाला, तर आपण त्यात आहोत की नाही हे विचारून घ्यावे.

तसेच 'त्याने आपले पुस्तक नेले' आणि 'त्याने त्याचे पुस्तक नेले'. मराठीत पुस्तक कुणाचे ते कळते. डचमध्ये दोन्ही 'झेइन'. स्पष्ट करायचे तर 'झेइन एइगन' म्हणजे 'त्याचे स्वतःचे' असे म्हणावे लागते. आणि मराठीत आपण नुसते 'जातो' म्हणून मोकळे होतो. डचमध्ये 'इक' म्हटल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही.

थोडा सराव

1. शेजारच्या आजींना विचारा : ही तुमची पिशवी का?
2. 'आमची शाळा' आणि 'आमचे मूल' डचमध्ये म्हणा.
3. पेन 'द' गटातले आहे. 'ते टेबलावर आहे' म्हणताना पेनाला कोणते सर्वनाम?
4. दोन मित्रांना मिळून विचारा : ही तुमची पिशवी का?
5. 'झेइ वेर्कन' : ती एकटी, की ते सगळे?

उत्तरे : 1. इस दित ऊव तास? 2. ओन्झ स्खोल; ओन्स किंत. 3. हेइ. 4. इस दित युली तास? 5. ते सगळे.

शेवटी दोन शब्द

आपल्या शेजारच्या सुरतेत सतराव्या शतकात डचांची वखार होती. त्यांचे जुने दफनस्थान तिथे आजही पाहायला मिळते. कोकणात वेंगुर्ल्यालाही डच वखारीचे अवशेष आहेत. त्याच डच कंपनीच्या नोकरीत योआन योसुआ केतेलार नावाचा एक गृहस्थ होता. त्याने हिंदुस्तानी भाषेचे व्याकरण डचमध्ये लिहिले. त्याची 1698 सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. पुढे तो सुरतेच्या वखारीचा प्रमुख झाला. जन्माने तो डच नव्हता, जर्मन होता. परक्याची भाषा समजून घेण्यासाठी हाताशी असलेल्या भाषेचा आधार त्याने घेतला. आपणही तेच करायचे, एवढेच की आपल्या हाताशी एक नाही, तीन-चार भाषा आहेत.

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे. इंग्रजी अवश्य शिकवा, तिच्यावाचून त्या वर्गात बसताही येणार नाही. पण इंग्रजीत जिथे एकच शब्द आहे, तिथे मराठीच्या खिशात तीन असतात, आणि नवी भाषा शिकताना नेमके तेच उपयोगी पडतात. मुलगा घरी आजीशी मराठीत बोलतो, तेव्हा तो फक्त आजीला खूश करत नसतो. कुणाला तू, कुणाला तुम्ही, कोण आपल्यात आणि कोण नाही, याचा सराव तो रोज करत असतो. हा सराव बंद पडला, तर पुढे तो पैसे भरून वर्गात शिकावा लागतो.

आणि हो, त्या डच आजींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आमची माजी विद्यार्थिनी त्यानंतर नेमाने त्यांना 'ऊ' म्हणू लागली. काही महिन्यांनी एकदा कॉफी पिताना आजीच म्हणाल्या, "झेख मार य." म्हणजे, 'अगं, मला तू म्हण.' डच लोक जवळीक वाढली की असे आपणहून सांगतात. हिने मान डोलावली. पण मला फोनवर म्हणाली, "सर, परवानगी मिळाली, तरी तोंडातून 'ऊ'च येतं हो! ऐंशी वर्षांच्या बाईंना 'तू' कसं म्हणू?"

मी म्हटले, "म्हणून बघ. आपल्या स्वतःच्या आजीला तू काय म्हणायचीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग हसली. "तूच म्हणायचे."